भावंडांचा गल्ला

सख्ख्या भावंडांनी मिळून धंदा केला तर त्यातली कमाई कोणाची, हा प्रश्न धर्मशास्त्राने दायविभागाच्या प्रकरणात हाताळला आहे. तालुक्याच्या गावात बहीण-भाऊ बुटीक काढतात तेव्हा तोच पुन्हा समोर येतो. बहीण कापड निवडते, डिझाइन काढते, मास्टरला कटिंग समजावते. भाऊ मालाची बिले, जीएसटी आणि उधारी सांभाळतो. गाळा मात्र वडिलांचा. लग्नसराईत गल्ला भरतो. त्यातले कष्टाचे किती, कसबाचे किती आणि घराचे किती?

एकत्र कुटुंबापुरते याज्ञवल्क्यस्मृतीचे उत्तर सरळ आहे. सामाईक धन भावांनी मिळून वाढवले तर वाटे सारखे. कोण जास्त राबला हे पाहायचे नाही. अविभक्त भावांत आपसात कर्ज, जामीनकी आणि साक्षही चालत नाही, असे ही स्मृती सांगते. देणारा आणि घेणारा वेगळे असल्याखेरीज ऋण संभवत नाही, आणि इथे ते वेगळे धरलेलेच नाहीत. 'घरच्यांत कसला हिशेब' असे आज म्हटले जाते ते मायेपोटी; स्मृतीचे कारण त्याहून कोरडे आणि पक्के आहे.

अडचण कसबाची. वडिलार्जित धनाला धक्का न लावता स्वतःच्या श्रमाने मिळवलेले भावांना देणे बंधनकारक नाही, आणि विद्याधन ज्याचे त्याचे, असे मनुस्मृती म्हणते. चालुक्य राजा सहावा विक्रमादित्य याच्या काळात कल्याणीला याज्ञवल्क्यस्मृतीवरची मिताक्षरा ही टीका लिहिणाऱ्या विज्ञानेश्वराने ही अट कसोशीने लावली: विद्या घरच्या पैशावर मिळाली असेल तर तिची कमाईही वाटणीत यावी. ब्रिटिश अमदानीतल्या न्यायालयांत यावर बरीच वर्षे खल झाला. अखेर बॅ. मुकुंदराव जयकरांनी मांडलेल्या विधेयकातून १९३० चा कायदा आला आणि शिक्षणाचा खर्च कुटुंबाने केला तरी त्यावरची कमाई शिकणाऱ्याचीच ठरली. फॅशन डिझायनिंगची फी वडिलांनी भरली म्हणून बहिणीच्या हाताचे कसब सामाईक होत नाही. हा निवाडा न्याय्यच आहे, पण त्याने गाळ्याचा प्रश्न सुटत नाही.

स्मृतिकार बृहस्पतीने मधली वाट काढली. विभक्त होऊन पुन्हा एकत्र आलेल्यांना 'संसृष्टी' म्हणतात. त्यांच्यातला जो विद्येने किंवा शौर्याने कमावतो त्याला दोन वाटे, बाकीच्यांना एकेक. बुटीकला हे माप बरेच जुळते. मात्र मिताक्षरेच्या मते असे पुन्हा एकत्र येणे बाप, भाऊ आणि चुलता यांच्याशीच होते. बहीण त्या यादीत नाही. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला जन्मसिद्ध हिस्सा महाराष्ट्राने १९९४ मध्ये अविवाहित मुलींपुरता दिला, देशभर तो २००५ मध्ये आला.

१९३२ च्या भागीदारी कायद्यानुसार भागीदारी करारातून जन्मते, नात्यातून नाही. करारात काही ठरले नसेल तर नफा समसमान, आणि राबणाऱ्या भागीदाराला वेगळा पगार नाही. म्हणजे रात्री दहापर्यंत ब्लाउजचे फिटिंग पाहणारी बहीण निम्म्यावरच राहते. याज्ञवल्क्यही समान वाट्यावरच येतो, पण दोघांना एक मानून. कायदा दोघांना परके मानून तिथे पोहोचतो. भावंडे मनाने पहिल्या पद्धतीत वावरतात आणि भांडण झाले की दुसरी काढतात. मावशीला ड्रेस निम्म्या किमतीत दिला तर तो तोटा कुणाच्या खाती, हे म्हणूनच आधी ठरलेले बरे. मनूलाही वेगळे होणे निषिद्ध नव्हते; भाऊ वेगळे राहिले की धर्मकृत्ये वाढतात, म्हणून तेही धर्म्य, असे तो म्हणतो.

न वाटण्याजोग्या वस्तूंच्या यादीत मनूने वस्त्रे घातली आहेत. मिताक्षरा ती अंगावर वापरलेलीच समजते. कोरी वस्त्रे वाटणीत येतात. हँगरवरचा माल त्यामुळे वाटता येतो. गावातला 'सरांची मुलं आहेत, फसवणार नाहीत' हा भरवसा मात्र मनूच्या यादीत नाही. भागीदारी मोडताना कायदा दुकानाचा नावलौकिक मालमत्तेत धरतो आणि तो विकूही देतो. पण इथे त्यातला मोठा भाग वडिलांनी मिळवलेला असतो, आणि ते भागीदार नसतात.