छतावरचा फुगा आणि दिग्व्रत

पहिल्या महायुद्धातल्या, १९१७-१८च्या सुमाराच्या इंग्लंडमधल्या छायाचित्रांत एक विचित्र मोटार दिसते. खाली नेहमीची गाडी, आणि टपावर गाडीच्याच लांबीची, गादीसारखी फुगलेली पिशवी. पेट्रोल युद्धाकडे वळलं होतं, पण दिव्यांसाठी आणि शेगड्यांसाठी घरोघर येणारा कोळशाचा गॅस नळाला होताच. लोकांनी तो रबर चढवलेल्या कापडी पिशव्यांत भरला आणि गाड्या हाकल्या. दुसऱ्या महायुद्धात पॅरिसच्या बसगाड्यांच्या टपावरही असेच फुगे आले. हा गॅस म्हणजे नुसता मिथेन नव्हे. त्यात निम्म्याच्या आसपास हायड्रोजन असे. त्यामुळे एका लिटर पेट्रोलचं काम उरकायला त्याचे सुमारे दोन घनमीटर लागत. एका भरणीत पन्नास किलोमीटर गाठले तरी नशीब. जोराने हाकावी तर वारा पिशवी उपटू पाही, आणि पूल ठेंगणा असला तर वाट बदलावी लागे.

पिशवीच कशाला? कारण त्या गॅसमधला मिथेन हट्टी आहे. घरच्या सिलिंडरमधला एलपीजी थोड्या दाबाने द्रव होऊन निमूट बसतो. मिथेन उणे ८२ अंशांच्या वरच्या तापमानाला कितीही दाबला तरी द्रव होत नाही. साध्या दाबाला त्याचा एक घनमीटर म्हणजे अंदाजे एक लिटर पेट्रोल. म्हणजे मोटारीची ३५ लिटरची टाकी मिथेनमध्ये मोजायची झाली, तर दहा बाय बाराची, दहा फूट उंचीची अख्खी खोली गाडीवर लादावी लागेल. त्यावर आजचा उपाय रिक्षा-टॅक्सीवाल्यांना ठाऊक आहे: दोनशे बार दाबाने ठासलेला सीएनजी, डिकी खाऊन बसलेलं जाड सिलिंडर, आणि दर तीन वर्षांनी त्याची हायड्रो टेस्ट.

आता थोडं आडवाटेने. श्रावकाच्या, म्हणजे जैन गृहस्थाच्या, बारा व्रतांची नावं सांगली-कोल्हापूरकडच्या मराठी बोलणाऱ्या जैन घरांत परकी नाहीत. त्यांतलं एक दिग्व्रत. गृहस्थाने दाही दिशांना आपली हद्द आखायची: या नदीपर्यंत, त्या डोंगरापर्यंत, इतके योजन, जन्मभर त्यापलीकडे जायचं नाही. देशावकाशिक व्रत याहून आखूड. त्यात ठरावीक काळापुरती ही हद्द आणखी आवळायची, एखाद्या गावापर्यंत, शेतापर्यंत, अगदी घरापर्यंतही. आचार्य समंतभद्रांच्या 'रत्नकरंड श्रावकाचारा'त यामागचा विचार मोठा चतुर आहे. माणूस जिथे जातच नाही, तिथे त्याच्या हातून बारीकशी हिंसाही घडत नाही; हद्दीपलीकडच्या जगापुरतं गृहस्थाचं अणुव्रत, म्हणजे लहान व्रत, मुनीच्या महाव्रताच्या तोलाचं होतं. मुनी तर वाहनात बसतच नाहीत, पायीच चालतात. इंधनाचा प्रश्न पडतो तो गृहस्थाला.

छतावरच्या फुग्याने नेमकी हीच हद्द आखली होती. पन्नास किलोमीटर, पुढे नाही. मग त्या गाडीवाल्यांना नकळत दिग्व्रत घडलं, असं म्हणावं का?

शास्त्र तसं म्हणू देणार नाही. ते वस्तूपेक्षा मन पाहतं. उमास्वातींनी 'तत्त्वार्थसूत्रा'त परिग्रहाची, म्हणजे संग्रहाची, व्याख्या वस्तूवरून केलीच नाही. मूर्च्छेवरून, म्हणजे आसक्तीवरून केली. रिकाम्या खिशाचा माणूसही परिग्रही असू शकतो. पेट्रोल परत मिळू लागताच पिशव्या उतरल्या, पुलांखालचे रस्ते मोकळे झाले, आणि हद्द कुणालाच आठवली नाही. रेशनची चिठ्ठी आणि व्रत यांत फरक आहे तो इथेच. उपास आणि उपासमार या दोन शब्दांतला फरक मराठी माणसाला वेगळा समजावून सांगायला नको.

पण बाजू इतकी एकतर्फी नाही. व्रत घेणाऱ्यालाही शेवटी डोळ्यांना दिसणारी खूण लागते, म्हणूनच नदी आणि डोंगर. टपावरची पिशवीही तशीच खूण होती. चीनमधल्या चोंगछिंगमध्ये १९६०च्या दशकापासून पुढे बरीच वर्षं शहरी बसगाड्यांच्या टपावर रबरी पिशव्या असत. सिचुआनचा नैसर्गिक वायू हाताशी होता, पेट्रोल नव्हतं. निघताना टरटरीत पिशवी, परतताना लोळागोळा. किती उरलं हे काट्यावर पाहायला नको. रस्त्यावरच्या पोरालाही ते कळे. दोनशे बारच्या सिलिंडरकडे बघून असं काही कळत नाही. भरलेलं आणि रिकामं दोन्ही सारखंच दिसतं.

मिथेनच्या बाबतीत अपरिग्रहाची आणखी एक पंचाईत आहे. शेणाचा उकिरडा, गटार, कचऱ्याचा ढीग, सगळीकडून तो आपोआप निघतोच. हवेत सोडला, तर शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट उष्णता धरून ठेवतो; वीस वर्षांचा हिशेब मांडला तर ऐंशीच्या आसपास. म्हणजे इथे साठवणं हा लोभ नाही, न साठवणं हीच हानी. माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या वसाहतीत १८९७ मध्येच मैल्यातून निघणारा गॅस गोळा करून वापरला होता. पुढे खादी ग्रामोद्योगाच्या गोबर गॅसने तेच गावोगाव नेलं: शेणकाल्यावर तरंगणारी लोखंडी टाकी, दाब टाकीच्या वजनाचा तेवढाच, म्हणजे पाण्याच्या काही बोटं उंचीइतका. चूल पेटते, टाकी खाली बसते. जैन दृष्टीने अग्नीतही जीव आहेत, तेव्हा जाळणंही निर्दोष नाहीच. निवड दोन दोषांमधलीच.

कमी दाबात जास्त गॅस मावावा म्हणून अलीकडे एक वेगळा मार्ग शोधला जातो आहे. २००७ मध्ये अमेरिकेत मिझुरी विद्यापीठाच्या संशोधकांनी दाणे काढलेली मक्याची कणसं भाजून कोळशाच्या विटा केल्या. अशा कोळशाला इतकी बारीक छिद्रं असतात की ग्रॅमभर तुकड्याच्या आतलं पृष्ठफळ हजारो चौरस मीटर भरतं. मिथेनचे रेणू त्याला चिकटून बसतात. सीएनजीच्या जेमतेम सहाव्या हिश्श्याच्या दाबाला, म्हणजे सुमारे ३५ बारला, या विटांनी आपल्या आकारमानाच्या १८० पट गॅस धरला. कॅन्सस सिटीत एका पिकअपवर ही टाकी चालवूनही पाहिली.

तेव्हापासूनची अडचण अशी, की चिकटलेला सगळाच गॅस सुटत नाही. टाकीतला दाब बाहेरच्या हवेइतका उतरला तरी काही मिथेन कोळशाच्या छिद्रांत तसाच राहतो. शिवाय तो सुटू लागला की कोळसा गार पडतो आणि गार कोळसा उरलेल्याला अधिकच घट्ट धरतो. म्हणून टाकी ऊब देऊन रिकामी करावी लागते. मिथेन सर्वांत घट्ट धरणारा कोळसा गाडीच्या कामाचा नाही. अभियंत्यांना हवा आहे तो भरताना घट्ट धरणारा, पण गाडीने मागितल्याबरोबर सोडून देणारा.