यात्रेला जाऊ, सुखरूप घरी येऊ



सप्टेंबरमध्ये मरियामातेचा जन्मोत्सव जवळ आला की आपल्याला हरेगावच्या मतमाउलीची ओढ लागते. बदनापूरहून आपण जीप, टेम्पो, मोटारसायकलने निघतो. आरशाला रोझरी लावलेली असते. हेल्मेट मात्र घरी खुंटीला असते आणि जीपमध्ये दुप्पट माणसे असतात. कोणी टोकलेच तर आपण म्हणतो, "माउली सांभाळील."

सैतानानेही येशूला मंदिराच्या शिखरावरून उडी टाकण्यास सांगितले होते. देवदूत झेलतील, असे तो म्हणाला. प्रभूने नकार दिला. देवाची परीक्षा पाहणे म्हणजे श्रद्धा नव्हे.

पाचवी आज्ञा रस्त्यावरही लागू आहे. दारूच्या नशेत किंवा वेगाच्या हौसेपायी स्वतःचा व इतरांचा जीव धोक्यात घालणारा गंभीर दोषी ठरतो, असे ख्रिस्तसभेचा १९९२चा धर्मशिक्षण ग्रंथ (परिच्छेद २२९०) सांगतो. म्हणजे ही बाब पापनिवेदनात सांगण्याची आहे.

दोष एकट्या चालकाचा नसतो. रात्रभर जागलेल्या चालकाला "चल लवकर, सकाळी कामावर जायचे आहे," असे आपणच म्हणतो. यंदा त्याला आधी झोपू देऊ या. जाताना हेल्मेट घालू या, जागेपुरतीच माणसे बसवू या.

वाटेत कोणी जखमी दिसला तर दयाळू शोमरोन्याप्रमाणे थांबू या, १०८ला फोन करू या. मदत करणाऱ्याला २०१९च्या कायद्याने संरक्षण दिले आहे. पोलिसांची भीती नको.

हे मरियामाते, आम्हाला सुबुद्धी दे आणि सुखरूप घरी आण. आमेन.