विस्मरणाचा पेला व स्मरणाचा प्याला

शास्त्रपाठ: नीतिसूत्रे २३:२९-३५, ३१:४-९



आखाजीचा सण जवळ आला म्हणजे आपल्या खानदेशात जुने साल संपते व नवे साल मांडले जाते. सालदाराचा हिशेब होतो, नव्या सालाची उचल हाती येते, लेकी माहेरी येतात, झाडांना झोके बांधले जातात. हे दिवस आनंदाचे असावेत अशीच देवाची इच्छा आहे. परंतु याच दिवसांत कित्येकांची पावले हिशेबाच्या पैशासह घराकडे न वळता गुत्त्याकडे वळतात, आणि वर्षभराच्या घामाचा मोबदला दोन रात्रींत वाहून जातो. म्हणून या समयी पवित्र शास्त्रातील ज्ञानी जन दारूविषयी काय शिकवितात, याचा आपण शांत चित्ताने विचार करू.

दारूने पैसा जातो, भांडणे होतात, शरीर खंगते, हे आपण पुष्कळ वेळा ऐकले आहे, आणि ते सर्व खरे आहे. तथापि शास्त्र याहून खोल जाते. शास्त्राच्या मते दारूचे मुख्य विष हे की ती विसर पाडते. मनुष्याला ती प्रथम स्वतःच्या वेदनेचा, मग दुसऱ्याच्या हक्काचा, आणि शेवटी देवाचा विसर पाडते. ही एकच गोष्ट आज तुम्ही मनात धरावी.

प्रथम, ती आपल्या वेदनेचा विसर पाडते. नीतिसूत्रांच्या तेविसाव्या अध्यायात ज्ञानी पुरुष एकामागून एक प्रश्न विचारतो: हाय हाय कोणाला, तंटे कोणाला, विनाकारण घाय कोणाला, डोळ्यांत लाली कोणाला? आणि मग उत्तर देतो की, जो पेल्यापाशी रेंगाळतो त्याला. पेल्यातील सुंदर रंगाकडे पाहूही नको, असे तो बजावतो. कारण आरंभी ती सुखाने घशाखाली उतरते, पण शेवटी सर्पासारखी डसते. हा दंश केवळ उपमेचा आहे असे समजू नका. १९९१ च्या अखेरीस मुंबईच्या विक्रोळीत व २०१५ सालच्या जून महिन्यात मालवणीत विषारी दारूने अनेक कुटुंबे उघडी पडली. मालवणीत शंभराहून अधिक माणसे मेली. मिथेनॉल नावाचे विष अशा दारूत असते. ते पोटात गेल्यावर डोळ्यांची दृष्टी जाते व पुढे प्राणही जातो, आणि पेल्यात पाहून ते ओळखू येत नाही.

परंतु त्या वचनांचा शेवट याहून भयंकर आहे. तेथे तो पिणारा स्वतः बोलतो. लोकांनी मला मारले, पण मला दुखले नाही. ठोकले, पण मला कळले नाही. मी जागा केव्हा होईन? जागा होताच पुन्हा तीच शोधीन, अशा अर्थाचे त्याचे बोलणे आहे. बंधूंनो, येथे थांबा. पायात काटा मोडला असता दुखते, ही देवाची कृपा होय. न दुखते तर काटा आतच कुजला असता. पाप केल्यावर मन टोचते, हीही कृपाच. उधळ्या पुत्राला दूर देशी भूक लागली, ती भूक त्याला जाणवली, म्हणून तो शुद्धीवर येऊन बापाकडे वळला. भुकेची जाणीवच बुजविणारा पेला त्याच्या हाती कोणी दिला असता, तर तो डुकरांमध्येच मेला असता. ज्या वेदनेने मनुष्य परत फिरावा, ती वेदनाच दारू हिरावून घेते.

दुसरे, ती दुसऱ्याच्या हक्काचा विसर पाडते. एकतिसाव्या अध्यायात लमुएल राजाची आई आपल्या पुत्राला उपदेश करते. राजांनी मद्याच्या नादी लागू नये, नाही तर ते नियमशास्त्र विसरतील व पीडितांचा न्याय विपरीत करतील, असे ती त्याला सांगते. कोणी म्हणेल, आम्ही तर मोलमजुरी करणारे, हा राजाचा उपदेश आम्हांस काय कामाचा? परंतु आपल्या घरात प्रत्येक पुरुष राजाच आहे. ज्वारीच्या कणगीवर, बायकोने कापूस वेचून आणलेल्या मजुरीवर, मुलाच्या शाळेच्या पुस्तकावर त्याची सत्ता चालते. तो पेला उचलतो तेव्हा त्या घरातील पीडितांचा न्याय विपरीत होतो. मूल उपाशी निजते आणि न्यायासनावर बसलेला राजा शुद्धीवर नसतो.

आपल्या मुलखाचा इतिहासही हेच सांगतो. पूर्वी डोंगरातले लोक मोहाच्या फुलांची दारू आपल्या घरी गाळीत. १८७८ सालच्या मुंबई अबकारी कायद्याने ते बंद झाले व ठेकेदारांच्या दुकानांतून विकत घेणे भाग पडले. दुकानदार उधारीने पाजी, उधारीवर व्याज चढे, आणि शेवटी कित्येकांची शेते त्याच्या वहीत जमा होत. पिणारा एकटा होता, पण जमीन मात्र त्याच्या नातवंडांचीही गेली. १८८० साली महात्मा जोतीराव फुले यांनी पुणे नगरपालिकेत दारूच्या दुकानांच्या वाढीविरुद्ध आवाज उठविला, तो याच कारणास्तव. लमुएलाची आई पुढे म्हणते की, जे मुके आहेत त्यांच्यासाठी तू आपले मुख उघड. पेल्यापासून जे मुख दूर राहते, तेच गरिबाच्या न्यायासाठी उघडू शकते.

येथे कोणी शास्त्र जाणणारा विचारील: त्याच अध्यायात, जो नाशास टेकला आहे त्याला मद्य द्या, म्हणजे तो पिऊन आपले दारिद्र्य विसरेल, असेही आहे ना? आहे. परंतु ती आई आपल्या पुत्राला तो पेला देत नाही. तो पेला आशा संपलेल्याचा आहे असे ती दर्शविते. ज्याला देवाच्या राज्याची आशा आहे, त्याने आशा संपलेल्याचा पेला का उचलावा? आणि दारिद्र्य विसरल्याने दारिद्र्य सरते काय? सकाळी जाग येते तेव्हा ते दारापाशीच उभे असते, आणि काल रात्रीची उधारी त्यात मिळालेली असते.

आता आपण काल्व्हरीकडे पाहू. मार्काच्या पंधराव्या अध्यायात सांगितले आहे की, वधस्तंभावर देण्यापूर्वी शिपायांनी आपल्या प्रभूला बोळ मिसळलेला द्राक्षारस देऊ केला. वेदना बधिर करणारा पेला तो. जगात कोणाला विसराची गरज होती, तर त्या घटकेस त्याला होती. परंतु त्याने तो घेतला नाही. त्याने खिळे पूर्ण शुद्धीत सोसले; म्हणून त्याला शेजारच्या चोराची विनवणी ऐकता आली, आपल्या आईची सोय लावता आली, मारणाऱ्यांसाठी क्षमा मागता आली. तो विसरला असता तर आपले काय झाले असते? त्याने विस्मरणाचा पेला नाकारला म्हणून आज आपण त्याच्या स्मरणात आहोत.

काना गावच्या लग्नात प्रभूने पाण्याचा द्राक्षारस केला, आणि पौलाने तीमथ्याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घेण्यास सांगितले, हे पुष्कळांच्या ओठांवर असते. ही दोन्ही वचने खरी आहेत; ती आपण लपवू नयेत. द्राक्षारस हे देवाच्या दानांपैकी एक म्हणून शास्त्रात गणले आहे. परंतु भट्टीवर गाळलेल्या कडक दारूचा प्रचार त्या काळी त्या देशात नव्हता, आणि द्राक्षारसातही पाणी मिसळून पिण्याची चाल होती. तीमथ्याला सांगावे लागले, यावरूनच उघड होते की तो केवळ पाणी पिऊन राहत असे. औषध म्हणून सांगितले ते दुखण्यापुरते. आणि आज दुखण्यासाठी दवाखाने आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली स्पष्ट सांगितले की, प्रकृतीला निर्धोक असे मद्याचे कोणतेही प्रमाण नाही. शिवाय तोच पौल रोमकरांस लिहितो की, ज्याने आपला भाऊ अडखळतो ते न पिणे चांगले. ज्या मंडळीत एक जरी भाऊ या बंधनाशी झुंजत असेल, तेथे मला चालते, असे म्हणण्याने वाद मिटत नाही.

यिर्मयाच्या पस्तिसाव्या अध्यायात देवाने यहूदी लोकांपुढे रेखाबी घराण्याला उभे केले. त्यांच्या पूर्वजाने, योनादाबाने, द्राक्षारस पिऊ नका असे सांगितले होते, आणि त्यांनी ते पिढ्यानपिढ्या पाळले. मनुष्याची आज्ञा हे पाळतात, आणि माझे लोक माझे ऐकत नाहीत, असा देवाचा विषाद होता. देवाने आपल्यापुढेही असे लोक ठेवले आहेत. १९२२ सालच्या सुमारास पालघरच्या किनाऱ्याकडून देवीची चळवळ उठली आणि डोंगरातून पश्चिम खानदेश व सुरत जिल्ह्यापर्यंत पसरली. हजारो आदिवासींनी दारू व ताडी सोडली आणि दारूच्या दुकानदारांशी व्यवहार तोडला. पुढे १९३८ साली तळोदे तालुक्यातील मोरवड येथे गुला महाराजांच्या शब्दावर हजारो भिल्लांनी पेला खाली ठेवला. त्याच वर्षी महाराज वारले, तरी त्यांचे बंधू रामदास महाराज यांनी ते कार्य पुढे चालविले. या लोकांजवळ आपल्यासारखे छापील शास्त्र नव्हते. कित्येक पुढे जुन्या वाटेस लागले हे खरे, परंतु कित्येक टिकलेही. ज्यांच्याजवळ वचन आहे व पवित्र आत्म्याचे साहाय्य आहे, त्यांच्या लग्नघरी मांडवामागे बाटली फिरावी काय?

भाऊबंद काय म्हणतील, जुने नाते तुटेल, हे भय मोठे आहे, हे आम्ही जाणतो. परंतु नात्याचा मान जेवणाने राखावा, नव्या लुगड्या-धोतराने राखावा, हात जोडून राखावा. ज्या सोयऱ्याला तुम्ही दारू पाजून परत पाठविता, त्याच्या बायकोला त्या रात्री काय सोसावे लागते, याचा विचार करा.

उपदेशक बंधूंनो, आता तुम्हांस दोन शब्द. पिणाऱ्याला मंडळीत लाजविणे सोपे आहे, परंतु लाज विसरण्यासाठी तो पुन्हा तिकडेच जातो. तो शुद्धीवर असेल अशा सकाळी त्याच्या घरी जा. हिशेबाच्या दिवशी त्याच्याबरोबर चालत घरापर्यंत या. पुष्कळ वर्षे पिणाऱ्याने एकाएकी सोडली म्हणजे हात कापतात, झटके येतात, नाही ते डोळ्यांपुढे दिसते. याला भूतबाधा समजून त्याला बांधू नका व नुसती प्रार्थना करून थांबू नका. यात प्राण जाऊ शकतो, म्हणून त्वरित सरकारी दवाखान्यात न्या आणि वाटेत प्रार्थना करा. पुण्यात १९८६ साली मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू झाले. तेथून कित्येक जण नवे जीवन घेऊन परतले आहेत. एकदा पडला म्हणून कोणालाही मेलेला गणू नका. आणि त्याची बायको मार खात असेल, तर तिला केवळ सहन कर असे सांगू नका. तिच्या व लेकरांच्या रक्षणाची व्यवस्था करणे हेही मंडळीचे काम आहे.

कायद्याचेही साहाय्य आहे. मुंबई राज्याचा दारूबंदीचा कायदा १९४९ सालचा. वर्धा जिल्ह्यात १९७४ पासून व गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. २००८ सालच्या आदेशानुसार गावकऱ्यांना, विशेषतः स्त्रियांना, मतदानाने दुकान बंद करविता येते. आडव्या बाटलीचे चिन्ह त्यासाठीच आहे. आपल्या भगिनींनी गावातील सर्व धर्मांच्या भगिनींबरोबर अशा कामी उभे राहावे. परंतु कायदा दुकानाचे दार लावतो. आतली तहान देवच भागवू शकतो. म्हणूनच इफिसकरांस लिहिताना पौल मद्याने मस्त होऊ नका एवढेच सांगून थांबत नाही, तर आत्म्याने परिपूर्ण व्हा, असेही सांगतो.

शेवटी, ज्या रात्री प्रभू धरून दिला गेला त्या रात्री त्यानेही एक प्याला हाती घेतला, आणि आपल्या स्मरणार्थ तो घ्यावा असे शिष्यांना सांगितले. पहा, जग विसरण्यासाठी पिते; ख्रिस्ताची मंडळी स्मरणासाठी पिते. हे दोन प्याले एका हातात राहू शकत नाहीत. येत्या प्रभुभोजनापूर्वी प्रत्येकाने आपल्या हाताकडे पाहावे. ज्याचा हात कापतो त्यानेही यावे. पण एकट्याने नव्हे, पाळकाला किंवा उपदेशकाला मनातले सांगून यावे. पुष्कळ मंडळ्यांत न आंबविलेला द्राक्षरसच वापरतात, तसा आपणही वापरू, म्हणजे त्या मेजापाशी कोणी दुर्बळ भाऊ अडखळणार नाही.

जो वधस्तंभावर आपल्याला विसरला नाही, तो या आखाजीला तुमच्या घरी पाहुणा म्हणून येवो, आणि तुमच्या लेकरांच्या ताटात भाकरी व तुमच्या मुखात त्याची स्तुती असो. आमेन.