गेटच्या बाहेरची सेफ्टी

चि. ओंकारास,


चाकणला ट्रेनी म्हणून लागलास आणि पहिला पगार हातात यायच्या आत हप्त्यावर गाडी घेतलीस, हे ताईकडून कळलं. "तुझं ऐकतो तो, जपून चालवायला सांग," असं तिने मला बजावलं आहे. तर जपून चालव. निरोप पोचला. आता माझं सांगतो, कारण भोसरीच्या प्रेस शॉपमध्ये उभी नोकरी काढल्यावर "जपून" या सल्ल्यावर माझा फारसा भरवसा उरलेला नाही.

पूर्वी पॉवर प्रेसला पायाचं पेडल असायचं. हात डायमध्ये, पाय पेडलवर. तिसऱ्या पाळीत जरा डुलकी लागली की बोट गेलंच. तेव्हाही भिंतीवर 'सावधान'च्या पाट्या होत्या. पाट्यांनी कुणाचं बोट वाचवल्याचं मला आठवत नाही. वाचवली ती दोन बटणांनी. दोन्ही हातांनी एकदम दाबल्याशिवाय स्ट्रोक पडतच नाही, म्हणजे त्या क्षणी हात आत असूच शकत नाही. तुमच्या लाइनवर याला पोका-योके म्हणत असतील. माणूस चुकणार हे तिथे आधीच धरलेलं असतं. काही शहाणे जास्त जॉब काढण्यासाठी एका बटणात लाकडाची पाचर ठोकत आणि सुपरवायझर दुसरीकडे बघत, ती गोष्ट वेगळी. हेल्मेट कोपरात अडकवून फिरणाऱ्याला मी त्या पाचरवाल्यांच्याच रांगेत बसवतो.

तोच कामगार पाळी सुटून पुणे-नाशिक रस्त्याला लागला, की त्याचं सगळं रक्षण त्याच्या एकट्याच्या सावधपणावर सोडून दिलेलं असतं. दरवर्षी 4 मार्चला सुरक्षा दिनाची शपथ घ्यायची आणि गेटबाहेर पडलं की देवावर हवाला. तळेगाव चौकात किंवा आंबेठाण चौकात संध्याकाळी उभा राहून बघ: कंटेनर, कंपन्यांच्या बस, कांद्याचे टेम्पो, सायकलवरची पोरं आणि दुभाजकाच्या फटीतून पलीकडे जाणाऱ्या कंत्राटी बायका, सगळे एकाच डांबरावर.

त्यातला ट्रेलर तेवढा नीट समजून घे. डावीकडे वळण्याआधी तो थोडा उजवीकडे जातो. मागच्या दुचाकीवाल्याला वाटतं, जागा मिळाली. तो डावीकडून आत घुसतो. पण ट्रेलरची मागची चाकं पुढच्या चाकांच्या वाटेने येत नाहीत, आतून कापत येतात, आणि उजवीकडे बसलेल्या ड्रायव्हरला डाव्या अंगाचं जवळजवळ काही दिसत नाही. त्याच्या आरशात तुला त्याचा चेहरा दिसत नसेल, तर त्याच्या लेखी तू तिथे नाहीसच. वळणावर त्याच्या मागेच थांब. हॉर्न वाजवून काही होत नाही.

दुसरा ट्रेलर उभा असलेला. रात्री कडेला लावलेला, मागचे दिवे बंद, रिफ्लेक्टरच्या पट्टीवर चिखल. साठच्या वेगाने तू सेकंदाला सुमारे सतरा मीटर जातोस. दिसला, डोक्यात शिरलं, हात ब्रेकवर गेला, यातच एक सेकंद संपतो. कोरड्या रस्त्यावर नीट ब्रेक लागला तरी एकूण चाळीसेक मीटर लागतात, आणि डिपरच्या उजेडात त्याहून फार लांबचं दिसत नाही. म्हणून रात्री कडेच्या अंधाऱ्या पट्टीत साठ हा वेग नव्हेच. जाता जाता: तुझ्या गाडीचा मागचा रिफ्लेक्टर फॅन्सी नंबरप्लेटसाठी काढून टाकला असशील, तर आजच्या आज परत बसव.

हेल्मेटचं भाषण देत नाही. केंद्राच्याच अहवालाप्रमाणे 2022 मध्ये देशात रस्त्यावर 1,68,491 माणसं गेली. त्यांतली 50,029 दुचाकीवर बिनहेल्मेटची होती. जगभरचे अभ्यास एकत्र करून काढलेला हिशेब असा, की अपघात झाला तर हेल्मेटमुळे मरण सुमारे 42 टक्क्यांनी आणि डोक्याची इजा 69 टक्क्यांनी टळते. पट्टा मात्र लागलेला हवा. पट्टा सैल असेल तर डोक्याच्या आधी हेल्मेटच उडून जातं.

पण एवढ्यावर सगळं तुझ्याच माथी मारून मी मोकळा होणार नाही. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर 2016 मध्ये दीडशेच्या घरात माणसं मेली. त्याच वर्षी सेव्हलाइफ फाउंडेशन, रस्ते विकास महामंडळ, महामार्ग पोलीस आणि महिंद्रा यांनी मिळून तिथे काम सुरू केलं. तुटके कठडे, उघडे खांब, कडेला थांबणारे ट्रक असं एकेक हेरून दुरुस्त केलं. 2019 पर्यंत आकडा शंभराच्या आत आला. ड्रायव्हर काही तीन वर्षांत साधुसंत झाले नव्हते. त्यांची चूक पोटात घेईल असा रस्ता थोडाफार झाला. चाकणच्या चौकांना हे का मिळू नये, हा प्रश्न तुमच्या पिढीने धरून ठेवावा.

त्यासाठी एक काम कर. शॉपमध्ये निअर मिसची वही असते ना, थोडक्यात हुकलं त्याची नोंद करायची? तशीच गेटबाहेरची ठेव. कुठे, किती वाजता, कोणत्या बाजूला, काय हुकलं. तुझ्या खोलीतली चार पोरं मिळून लिहू लागलात, की महिन्याभरात तीच तीच ठिकाणं वर येतील. तो कागद सेफ्टी कमिटीत ठेवा, ग्रामपंचायतीला द्या, वाहतूक पोलिसांना द्या. "फार ट्रॅफिक आहे" या तक्रारीला कुणी विचारत नाही. "अमुक फटीपाशी, दुसरी पाळी सुटताना" याला उत्तर द्यावं लागतं.

रस्त्याचं आमच्याकडे काय, असं कंपनीत कुणी म्हणालं तर एक निकाल सांग. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याच्या रखवालदाराची ड्युटी पहाटे तीनला सुरू व्हायची. एप्रिल 2003 मध्ये कामावर जाताना, कारखाना पाचेक किलोमीटर राहिला असता, मोटरसायकलच्या अपघातात तो गेला. हा कामावरचा अपघात नव्हे, असं हायकोर्टाने म्हटलं होतं. जुलै 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते फिरवलं: वेळ, ठिकाण आणि परिस्थिती यांचा नोकरीशी संबंध दिसत असेल, तर घर ते कामाची वाटही नोकरीतच धरायची. ईएसआय कायद्यात तसं कलम 2010 सालीच आलं होतं. त्या घराला बावीस वर्षं वाट बघावी लागली.

आणि कुणी पडलेला दिसला तर 108 लाव आणि थांब. पोलिसांच्या कटकटीला भिऊ नकोस. मदत करणाऱ्याला नाव सांगायची सक्ती करता येत नाही, असं मोटार वाहन कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीनंतर आलेल्या नियमांतच लिहिलं आहे. मान मुडपू नये म्हणून पडलेल्याला उगाच रिक्षात कोंबू नकोस, आणि त्याचं हेल्मेट ओढून काढू नकोस.

कंपनीची बस तुझ्या खोलीच्या बाजूने जाते का, ते विचारून कळव. जात असेल तर तिसऱ्या पाळीला तीच धर आणि गाडी रविवारी भंडारा डोंगराला जायला वापर. हप्ता काय, दोन्हीकडे तेवढाच पडणार आहे.

तुझा,
मामा