खुब्यातला नंबर

नेरूळच्या विरंगुळा केंद्रात संध्याकाळी बसलेल्यांमध्ये खुब्याचा सांधा बदललेलं एखादं माणूस असतंच. कोणता सांधा बसवला असं विचारलं, की डॉक्टरांचं नाव सांगतात, खर्चाचा आकडाही सांगतात. कंपनीचं नाव क्वचित आठवतं आणि त्या सांध्याचा लॉट नंबर कुणालाच नाही. फ्रिजचं वॉरंटी कार्ड मात्र कपाटात जपलेलं असतं. हे मला अस्वस्थ करतं, कारण एएसआर सांध्याचं प्रकरण.

डेप्यू ही जॉन्सन अँड जॉन्सनची कंपनी. तिच्या एएसआर सांध्यात गोळाही धातूचा आणि वाटीही धातूचीच. चालताना ती एकमेकांवर घासत आणि कोबाल्ट-क्रोमियमचे कण आजूबाजूच्या मांसात, रक्तात उतरत. ब्रिटनच्या सांधेबदल नोंदवहीतून दिसलं, की पाच वर्षांत साधारण आठातल्या एका रुग्णावर पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागते. ऑस्ट्रेलियात डिसेंबर 2009 मध्ये हा सांधा मागे घेतला गेला, जगभरात ऑगस्ट 2010 मध्ये. नोंदवही होती म्हणून दोष दिसला. आपल्याकडे अशी सक्तीची नोंदवही नव्हती.

भारतात या सांध्याच्या सुमारे 4,700 शस्त्रक्रिया झाल्या. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने, महेश झगडे आयुक्त असताना, 2011 मध्ये मुंबईत गुन्हा नोंदवायला लावला. ती धडाडी मला आजही मोलाची वाटते. दिल्लीला मात्र तज्ज्ञ समिती नेमायला 2017 उजाडलं. 2018 मध्ये तिचा अहवाल लोकांसमोर आला, तेव्हा सुमारे 3,600 रुग्णांचा ठावठिकाणाच लागलेला नव्हता.

माणसं हरवतात कशी? नवी मुंबईकराला हे समजावून सांगायला नको. परळची, गिरगावची खोली सोडून किती घरं वाशी-खारघरला आली! पत्ता बदलला, फोन बदलला. पत्र जुन्या चाळीच्या जिन्यात पडून राहिलं असेल. त्यात डॉक्टरांसाठीच्या 2002 च्या नियमांनुसार दाखल रुग्णाचे कागद जपायचं बंधन उपचार सुरू झाल्यापासून फक्त तीन वर्षांचं. सांधा पंधरा-वीस वर्षं शरीरात राहावा अशी अपेक्षा आणि त्याचा कागद तीन वर्षांचा! याला मी चूक म्हणत नाही, अन्याय म्हणतो.

त्याच नियमांत एक आधारही आहे. रुग्णाने मागितल्यावर 72 तासांत कागद द्यावे लागतात. सांध्याच्या खोक्यात नंबर छापलेले स्टिकर येतात. त्यातला एक डिस्चार्ज कार्डावर लावून घ्यावा. जुना सांधा दुखत असेल तर एक्स-रे, रक्तातल्या कोबाल्ट-क्रोमियमची तपासणी आणि गरज पडल्यास एमआरआय करून अस्थितज्ज्ञ सांगतात, की नुसतं लक्ष ठेवायचं की सांधा बदलायचा. बदललाच, तर काढलेला सांधा मागून घ्यावा. पुढे भांडायची वेळ आली तर तोच पुरावा असतो.

आणि भांडावं लागतं. 2018 मध्ये केंद्राने 30 लाखांपासून 1 कोटी 23 लाखांपर्यंत भरपाईचं सूत्र ठरवलं. कंपनी न्यायालयात गेली. मे 2019 मध्ये तिने दिल्ली उच्च न्यायालयात, पुन्हा शस्त्रक्रिया झालेल्या 67 रुग्णांना प्रत्येकी 25 लाख द्यायची तयारी दाखवली. 4,700 पैकी 67! आज 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार सदोष वस्तूसाठी थेट उत्पादकावर दावा करता येतो, तोही राहत्या जिल्ह्याच्या आयोगात, वकील न देतासुद्धा. मुदत दोन वर्षांची; उशिराला सबळ कारण असेल तर आयोग तो माफ करू शकतो.

पण दाव्याआधी दोष कळायला हवा. त्या 3,600 मधली एखादी आजी आज इथेच कुठे तरी जिन्याचा कठडा धरून चढत असेल. मांडीत कळ येते, आणि घरचे म्हणतात, वय झालं आता. तीही तेच म्हणते.