आवृत्तिक्रमांक : विधान की वचन?

संहितेला कर्त्याने दिलेला आवृत्तिक्रमांक हे त्या संहितेविषयीचे विधान असते की वाचकाला दिलेले वचन, हा प्रश्न छापील ग्रंथाच्या बाबतीत फारसा निकडीचा ठरत नाही. दुसरी आवृत्ती निघाली म्हणून पहिलीच्या वाचकाचे काही मोडत नाही. खुल्या संगणकप्रणालीचे तसे नाही. तिच्यावर इतर अनेक प्रणाली उभ्या असतात आणि त्यांचे कर्ते नवी आवृत्ती स्वीकारावी की नाही हे पुष्कळदा क्रमांकावरूनच ठरवतात.

टॉम प्रेस्टन-वर्नर यांनी मांडलेली अर्थसूचक क्रमांकनपद्धती हे वचन उघडपणे देते. तीन अंकांपैकी पहिला वाढला तर जुन्या वापराशी फारकत झाली असे समजावे. दुसरा वाढला तर जुने अबाधित राखून भर पडली. तिसरा वाढला तर केवळ दोषदुरुस्ती. पद्धत नेटकी आहे, पण वाचक कशावर विसंबला आहे हे कर्त्याला ठाऊक असते, असे ती गृहीत धरते. वस्तुतः वाचक प्रणालीतील दोषावरही विसंबलेला असू शकतो; मग दुरुस्ती हीच त्याच्या लेखी मोडतोड ठरते. वचन जाहीर केलेल्या वापरापुरतेच होते, असे यावर म्हणता येईल. पण तो बचाव वकिली झाला.

डोनाल्ड क्नूथ यांच्या ‘टेक’ या अक्षरजुळणीच्या प्रणालीने निराळी वाट धरली. तिसऱ्या आवृत्तीपासून दर दुरुस्त आवृत्तीगणिक तिचा क्रमांक ‘पाय’ या गणिती स्थिरांकाच्या एकेक अंकाने जवळ सरकतो. २०२१ मध्ये तो ३.१४१५९२६५३ झाला. आपल्या मृत्यूनंतर क्रमांक ‘पाय’ हाच करावा आणि उरलेले दोष तेव्हापासून प्रणालीची कायमची वैशिष्ट्ये मानावीत, असे क्नूथ यांनी १९९० मध्ये सांगून ठेवले. इतरांनी बदल खुशाल करावेत, पण वेगळ्या नावाने. कर्त्याच्या मृत्यूबरोबर अर्थ मोकळा होतो असे मानणाऱ्या समीक्षेची येथे पंचाईत होते : या ठिकाणी कर्त्याच्या मृत्यूने संहिता बंद होते आणि चुकीलाही प्रामाण्य लाभते.

यात अहंता आहे, हा आक्षेप खोटा नाही. तरीही वचन म्हणून हेच अधिक प्रामाणिक वाटते, कारण ते वाचकाच्या मनाविषयी काही जाणत असल्याचा दावा करीत नाही. किंमत मात्र इतरांनी मोजली. युनिकोडमधील देवनागरी मजकूर थेट जुळवायचा तर ‘झीटेक’सारख्या वेगळ्या नावाच्या प्रणालीकडे जावे लागते. ती सुरू होताना स्वतःचा क्रमांक छापते. पण त्याआधी, पूर्वजाचे नाव घ्यावे तसा, ‘टेक’चा क्रमांक असतो.