आपली पाटी आपण आणावी

रेवसच्या धक्क्यावर लाँचची वाट बघताना घड्याळापेक्षा पाण्याकडेच जास्त लक्ष जातं. भाऊच्या धक्क्यावरून लाँच सुटते ती वेळापत्रकाने. पण मोठी ओहोटी असेल तर इथल्या गाळापुढे वेळापत्रकाचं काही चालत नाही. जुनी माणसं भरतीची वेळ बोटांवर काढतात: तिथीची पाऊणपट. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमारास भरती.

मीही पोटासाठी हेच करतो, एका वेळेची दुसरी वेळ करून देतो. फक्त कोडमध्ये. कॉम्प्युटर 1 जानेवारी 1970 पासूनचे सेकंद मोजत असतो. माणसाला हवं असतं ‘सोमवार, सकाळी 6:52’. सी भाषेत हे काम ‘लोकलटाइम’ नावाचं फंक्शन करतं. त्यातली गंमत अशी, की उत्तर ते स्वतःच्याच एका ठरलेल्या जागेत लिहितं आणि तुम्हाला फक्त ती जागा दाखवतं.

समजा धक्क्यावर एकच पाटी आहे. तुम्ही वेळ विचारलीत, कारकुनाने पाटीवर लिहिली. तुम्ही वाचणार, इतक्यात दुसऱ्याने विचारलं. कारकुनाने पाटी पुसून त्याची वेळ लिहिली. तुम्ही वाचलीत ती त्याची वेळ, आणि तुम्हाला शंकाही आली नाही. कारण पाटीवर जे होतं ते अगदी व्यवस्थित, खरं वाटेल असंच होतं.

माझ्या कोडमध्ये नेमकं हेच झालं. एका कारखान्याच्या हजेरीचं काम होतं. महिनाअखेरचा तक्ता लवकर व्हावा म्हणून मी तो अनेक थ्रेडमध्ये वाटला. सगळ्यांची पाटी एकच. माझ्या विंडोजच्या लॅपटॉपवर हजारदा चालवलं, एकही चूक नाही. कारण विंडोज प्रत्येक थ्रेडला वेगळी पाटी देतं. सर्व्हर होता लिनक्सचा. तिथे पाटी सगळ्यांत मिळून एक. लाखात एखादी नोंद बदलायची. 6:52 ला आलेला एक कंत्राटी कामगार तक्त्यात 10:40 ला आला. त्याचा अर्धा दिवस कापला गेला. तो सांगत राहिला, आणि त्याला उत्तर मिळत राहिलं, “सिस्टीममध्ये असंच दिसतंय.”

मला हे कळलं तीन महिन्यांनी. तोवर तो खोटारडा ठरला होता.

मित्र म्हणाला, “अरे, लाखात एक. बग कुणाच्या कोडमध्ये नसतो?” बरोबर आहे. जे ठाऊकच नव्हतं त्याचा दोष किती घ्यायचा, यावर वाद होऊ शकतो. पण मला ठाऊक होतं. हे फंक्शन थ्रेडसाठी सुरक्षित नाही, हे मॅन्युअलमधलं वाक्य मी वाचलं होतं आणि ‘नंतर बघू’ म्हटलं होतं. न कळलेली चूक हा अपघात असतो. कळूनही ठेवलेली चूक हा निर्णय असतो, आणि त्या निर्णयाची किंमत दुसऱ्याने भरली. लाखात एक हा माझा हिशोब होता. त्याच्या बाजूने मोजलं तर एकात एक.

घड्याळ ज्याच्या हातात नाही त्यालाच घड्याळाचा फटका बसतो, हे मुंबईने आधीही पाहिलंय. 1 जानेवारी 1906 ला देशाची प्रमाणवेळ आली. ती मुंबईच्या वेळेपेक्षा 39 मिनिटं पुढे होती. भोंगा नव्या वेळेने वाजला तर गिरणी कामगाराला सूर्याच्या हिशोबाने 39 मिनिटं आधी उठावं लागणार, आणि कामगारांनी त्याला विरोधही केला. शहरात ‘बॉम्बे टाइम’ 1955 पर्यंत टिकून होता. दोन वेळा असणं ही काही चूक नाही. कुठली वेळ ते न सांगता नुसता आकडा पुढे करणं, ही चूक. तिथीची पाऊणपटही आपल्या किनाऱ्यापुरती खरी; खंबातच्या आखातात आत गेलात की भरती उशिराने येते. तिथे रेवसचा हिशोब लावून होडी काढणाऱ्याने समुद्राला दोष देऊ नये.

दुरुस्ती सोपी होती. लिनक्सवर ‘लोकलटाइम-आर’ आहे: विचारणाऱ्याने आपली पाटी आपण आणायची, उत्तर तिच्यावरच मिळतं. विंडोजवर ‘लोकलटाइम-एस’, काम तेच, पण पाटी आणि प्रश्न देण्याचा क्रम उलटा. दोन्ही मी एका छोट्या फंक्शनमध्ये गुंडाळली आणि दोन्हीकडे तपासली. एक दुपार लागली. ती दुपार तीन महिन्यांआधी माझ्याकडे होती.

चूक माझी आहे, हे मी लेखी कळवलं. त्याला अर्ध्या दिवसाचे पैसे मिळाले. खोटारडा म्हणवून घेतलेल्या तीन महिन्यांचं रूपांतर कशात करायचं, ते फंक्शन मात्र कुठल्याच सिस्टीमवर नाही.

तुमच्याही कोडमध्ये ‘नंतर बघू’ अशी एखादी ओळ असेल. तिच्या दुसऱ्या टोकाला कोण उभं आहे, तेवढं आज बघा.